व्हर्नन ते हेंडरसनव्हिल : रॉय ऑर्बिसनच्या वाटेनं

अमेरिकी गायक रॉय ऑर्बिसनची वाट धरणाऱ्याला एल्व्हिस प्रेस्लीच्या ग्रेसलँड या मेम्फिसमधल्या घरासारखं एकच ठिकाण मिळत नाही. त्याचं सरोवराकाठचं घर १९६८ मध्ये जळालं. थडगं लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड स्मशानभूमीत आहे आणि त्यावर नावसुद्धा नाही. पण ज्या तीन खोल्यांत त्याचा आवाज घडला, त्या तिन्ही अजून उभ्या आहेत आणि आत जाऊन बघता येतात. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसमधला नॉर्मन पेटीचा स्टुडिओ, मेम्फिसचा सन स्टुडिओ आणि नॅशव्हिलचा आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ बी. पाच वर्षांत एकच गळा या तीन खोल्यांत गेला आणि दर वेळी वेगळा गायक होऊन बाहेर आला. म्हणून हा प्रवास शक्यतो याच क्रमानं करावा. उलटा केला तर अंतर तेवढंच पडतं, पण कानाला काही उमगत नाही.

पश्चिम टेक्सासला गाडीशिवाय गत्यंतर नाही. मार्च ते मे धुळीची वादळं असतात, जून ते ऑगस्ट पारा ४० अंशांच्या आसपास. ऑक्टोबर सगळ्यात बरा. निघण्याआधी गाणी फोनमध्ये उतरवून घ्यावीत, कारण वाटेत मैलोन् मैल नेटवर्क नसतं. तुकडी लहान पुरते : सन स्टुडिओच्या कंपनीनं काढलेलं ‘ऊबी डूबी’, मग ‘ओन्ली द लोन्ली’, ‘रनिंग स्केअर्ड’, ‘क्राइंग’, ‘इन ड्रीम्स’, ‘इट्स ओव्हर’ आणि ‘ओह, प्रिटी वूमन’. मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येणारी आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी. त्या काळी ही गाणी मोटारीच्या रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर वाजायची, मिश्रणही तोच विचार करून केलेलं असायचं.

पहिला दिवस : डॅलस, डेंटन, व्हर्नन

डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावरच गाडी घ्यावी आणि परत करण्याचं ठिकाण मिडलंड विमानतळ असं आरक्षणातच नोंदवावं. दुसऱ्या गावी गाडी सोडण्याचं जादा शुल्क पडतं, पण ते आधी कळतं. आयत्या वेळी बेत बदलला तर हेच शुल्क बरंच वाढू शकतं. भारतीय परवाना इंग्रजीत असला तरी आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवावा. काउंटरवरचा वाद टळतो.

पहिला थांबा डेंटन, साधारण पाऊण तासावर. इथल्या नॉर्थ टेक्सास स्टेट कॉलेजमध्ये, म्हणजे आजच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासमध्ये, ऑर्बिसन १९५४ मध्ये दाखल झाला. गाणं चाललं नाही तर तेलाच्या धंद्यात पोट भरावं, म्हणून भूगर्भशास्त्र घेतलं होतं. शिक्षण रखडलं, पण इथल्याच वेड मूर आणि डिक पेनर या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेलं ‘ऊबी डूबी’ त्याच्या हाती लागलं. आवारात तासभर फिरणं पुरे.

तिथून ३८० नंबरच्या रस्त्यानं पश्चिमेला डिकेटर आणि मग २८७ नंबरनं वायव्येला विचिटा फॉल्समार्गे व्हर्नन. दीडशे मैल, अडीच तास. २८७ वर लहान गावं लागली की वेगमर्यादा पंच्याहत्तरवरून थेट पस्तीसवर उतरते. फलक दिसताच वेग कमी करावा, पावत्या तिथंच फाडल्या जातात.

व्हर्ननमध्ये २३ एप्रिल १९३६ ला ऑर्बिसन जन्मला. वडील ऑर्बी ली तेलविहिरींवर आणि मोटारदुरुस्तीत काम करायचे, आई नदीन परिचारिका. सहाव्या वाढदिवसाला त्याला गिटार मिळाली. युद्धकाळात विमान कारखान्यातल्या कामासाठी कुटुंब फोर्ट वर्थला गेलं, पोलिओच्या साथीच्या भीतीनं मुलांना परत इथं आणलं आणि १९४६ मध्ये सगळे पश्चिमेला विंकला गेले. मुक्कामाला गाव सोयीचं आहे. हमरस्त्यालगत मोटेलं आहेत आणि पेट्रोलही इथंच भरून घ्यायचं आहे.

दुसरा दिवस : व्हर्नन ते लबक

७० नंबरचा रस्ता क्रोवेल, पडूका, मॅटाडोर, फ्लॉयडाडा असा जातो, मग ६२ नंबरनं लबक. सुमारे १७० मैल. टाकी भरलेली हवी, कारण या टप्प्यात पंप तुरळक आहेत आणि लहान गावांतले संध्याकाळी बंद होतात. मॅटाडोरनंतर रस्ता कॅपरॉकचा कडा चढून लानो एस्टाकाडोच्या पठारावर येतो. त्यापुढे जमीन इतकी सपाट की पुढच्या गावाचं धान्यकोठार अर्धा तास आधी दिसायला लागतं.

लबकला रॉक अँड रोल गायक बडी हॉलीच्या नावाचं बडी हॉली सेंटर बघावं. सोमवारी ते बंद असतं, म्हणून दिवसांची जुळणी आधीच करावी. हॉलीचा जन्मही १९३६ चाच, सप्टेंबरचा. दोघंही पश्चिम टेक्सासचे, दोघंही चष्मेवाले, दोघांनीही क्लोव्हिसच्या एकाच खोलीत रेकॉर्डिंग केलं. हॉलीला ती खोली लाभली, ऑर्बिसनला नाही. उद्याच्या क्लोव्हिससाठी हे ध्यानात ठेवायचं.

शाकाहारी मंडळींनी टेक्स-मेक्स खाणावळीत एक गोष्ट विचारल्याशिवाय मागणी देऊ नये. घोटलेला राजमा बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. ‘लार्ड आहे का?’ एवढंच विचारावं. असेल तर अख्खा राजमा, भात, चीज आणि मिरचीची चटणी यांवर जेवण नीट होतं.

तिसरा दिवस : क्लोव्हिस

लबकहून ८४ नंबरनं लिटलफील्ड, म्यूलशू, फार्वेल आणि राज्याची हद्द ओलांडून क्लोव्हिस. शंभर मैल. इथं हमखास गोंधळ होतो तो घड्याळाचा. टेक्सासचा हा भाग सेंट्रल वेळेवर चालतो, न्यू मेक्सिको माउंटन वेळेवर, म्हणजे एक तास मागे. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ तसंच राहतं. क्लोव्हिसची दुपारी दोनची वेळ म्हणजे लबकचे तीन. जाताना तास हाती येतो, लबकला परतताना जातो.

१३१३ वेस्ट सेव्हन्थ स्ट्रीट. हा स्टुडिओ तिकीट काढून आत शिरण्यासारखा नाही. काही आठवडे आधी संपर्क साधून वेळ ठरवावी लागते आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्यावं. दाखवणारी माणसं मन लावून दाखवतात, पण न कळवता गेलं तर दार बंदच मिळेल. वेळ मिळालीच नाही तर गावातलं नॉर्मन अँड व्हाय पेटी रॉक अँड रोल म्युझियम बघता येतं, पण ती खोलीची बरोबरी नाही.

स्टुडिओचा मालक नॉर्मन पेटी याची एक पद्धत त्या काळात निराळी होती. तो तासावर नाही, गाण्यावर पैसे घ्यायचा. म्हणजे घड्याळाकडे न बघता, हवं तसं उतरेपर्यंत तेच गाणं पुन्हा पुन्हा करता यायचं. काम बहुतेक रात्री चालायचं, कारण दिवसा रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज आत यायचा. शेजारच्या गॅरेजच्या माळ्यावर प्रतिध्वनीची खोली केलेली होती. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. गाण्याचा आवाज तिथं सोडायचा आणि भिंतींवर आपटून आलेला परत उचलायचा. हॉलीनं २५ फेब्रुवारी १९५७ ला ‘दॅटल बी द डे’ याच ठिकाणी केलं.

ऑर्बिसन आणि त्याच्या टीन किंग्ज या बँडमधले सोबती त्याच्या वर्षभर आधी, मार्च १९५६ मध्ये, इथं आले आणि ‘ऊबी डूबी’ रेकॉर्ड केलं. जे-वेल नावाच्या छोट्या कंपनीनं ते काढलं. आज ऐकताना जाणवतं की खोली स्वच्छ आहे, वादन नेटकं आहे, पण गायक ज्या उंचीचा आहे तिथं त्याला जायलाच मिळत नाही. हे गाणं नाचासाठी आहे, तीनचार सुरांत फिरतं. खोलीचा दोष नाही. तिच्यात नेलेलं गाणंच या गळ्याचं नव्हतं.

चौथा दिवस : अँड्र्यूज, विंक, ओडेसा

लबकहून ब्राउनफील्ड, सेमिनोल, अँड्र्यूज आणि तिथून ११५ नंबरनं कर्मिट, विंक. १६० मैलांच्या आसपास. कापसाची शेतं मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना तेलाचे पंप मान हलवत असतात. रस्त्यावर तेलकंपन्यांचे आणि वाळूचे अवजड ट्रक अखंड चालू. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करण्याचा मोह टाळावा, दिवे दिवसाही चालू ठेवावेत आणि अंधार पडण्याआधी ओडेसा गाठावं. विहिरींच्या आवारात विषारी वायूचे इशारे लावलेले दिसतात. फोटोसाठीसुद्धा कुंपणापलीकडे जाऊ नये.

विंकची वस्ती आज हजाराच्या आत आहे. १९२६ मध्ये तेल लागलं तेव्हा तंबूंचं शहर उभं राहिलं होतं, ऑर्बिसन कुटुंब आलं तोवर ओहोटी लागलेली होती. १९४९ मध्ये, तेरा वर्षांच्या रॉयनं शाळासोबत्यांना घेऊन विंक वेस्टर्नर्स नावाचा बँड काढला. फुटबॉल आणि तेल यांपलीकडे काही नसलेल्या गावात चष्मा लावणारा, हळू बोलणारा मुलगा काय करणार होता, ते रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चाललं की कळतं. त्याच्या गाण्यांतला एकटेपणा नॅशव्हिलच्या कारागिरांनी चिकटवलेला नव्हता. गावातलं छोटं ऑर्बिसन संग्रहालय ठरावीक वेळेला उघडं नसतं. फोन करून कुणाला तरी किल्ली घेऊन बोलवावं लागतं, तेव्हा दोन-तीन दिवस आधी कळवावं.

विंक आणि कर्मिटच्या मध्ये जमीन खचून झालेले दोन प्रचंड खड्डे आहेत. एक ३ जून १९८० चा, दुसरा मे २००२ चा. जमिनीखालचा मिठाचा थर जुन्या विहिरींमधून उतरलेल्या पाण्यानं विरघळला आणि वरचं छप्पर कोसळलं. जागा खाजगी आणि कुंपण घातलेली आहे, कडा अजून खचतात. लांबूनसुद्धा फारसं दिसत नाही, त्यासाठी वाट वाकडी करू नये.

मुक्काम ओडेसाला, ३०२ नंबरनं तासाभरावर. तेलकामगारांमुळे इथली मोटेलं सोमवार ते गुरुवार महाग असतात आणि शुक्रवार-शनिवारी उतरतात. दिवस जुळवता आले तर बराच फरक पडतो. ऑर्बिसन डेंटन सोडून ओडेसाच्या कॉलेजात आला आणि इथल्या स्थानिक टीव्हीवर आठवड्याला कार्यक्रम करू लागला. दौऱ्यावर आलेल्या गायक जॉनी कॅशनं त्याला सन स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सशी बोलायला सुचवलं. फिलिप्सनं पहिल्या फोनला झिडकारलं, पण क्लोव्हिसची रेकॉर्ड ऐकल्यावर मेम्फिसला बोलावून घेतलं.

पाचवा दिवस : मिडलंडहून मेम्फिस

आठशे मैल गाडीनं जायचं तर दोन दिवस मोडतात. मिडलंडला गाडी सोडून डॅलसमार्गे विमान धरावं आणि मेम्फिसला दुसरी गाडी घ्यावी. दिवस प्रवासातच जातो.

सहावा दिवस : सन स्टुडिओ आणि नॅशव्हिलचा रस्ता

७०६ युनियन अव्हेन्यू. सकाळची पहिली फेरी घ्यावी. नंतर बसगाड्या भरून माणसं येतात आणि लहान खोलीत मागच्यांना काही दिसत नाही. वाहनतळ इमारतीच्या मागे आहे आणि लवकर भरतो.

खोली जेमतेम १८ फूट रुंद, तीसेक फूट लांब. सॅम फिलिप्सनं जानेवारी १९५० मध्ये ती सुरू केली. छताच्या फरश्या तिरक्या, कोनाकोनांत बसवलेल्या आहेत, आवाज दोन समांतर पृष्ठांत घुटमळू नये म्हणून. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवून बघावी. ती कोरडी, पण जिवंत वाजते. सनचा प्रसिद्ध प्रतिध्वनी मात्र खोलीतून नाही, यंत्रातून यायचा. अँपेक्सची दोन टेपयंत्रं जोडलेली असायची. दुसऱ्या यंत्रात टेप रेकॉर्ड करणाऱ्या टोकापासून वाजवणाऱ्या टोकापर्यंत सुमारे दोन इंच सरकते. सेकंदाला १५ इंच वेगानं त्याला सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा लागतो. तेवढ्या उशिरानं आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की प्रत्येक शब्दाला एक टप्पा मिळतो. तुटक, ठसक्याच्या गाण्यात तो ताल दुप्पट करतो. लांबवलेल्या स्वरात तोच प्रतिध्वनी स्वराखाली दडून जातो, त्यानं काही साधत नाही.

इथंच ऑर्बिसनची अडचण झाली. ‘ऊबी डूबी’ पुन्हा रेकॉर्ड होऊन १९५६ मध्ये सनवर निघालं आणि बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियतेच्या यादीत ५९ व्या क्रमांकापर्यंत गेलं. फिलिप्सला त्याच जातीची आणखी गाणी हवी होती, ऑर्बिसनला संथ, भावुक गाणी गायची होती. यंत्रणा, खोली आणि मालक, तिन्ही एका बाजूला आणि गायक दुसऱ्या बाजूला. १९५८ मध्ये तो बाहेर पडला. हाती उरलं ते गीतलेखन. पत्नी क्लॉडेटवर लिहिलेलं गाणं एव्हर्ली ब्रदर्स या गायक भावांच्या जोडीनं गायलं आणि त्या पैशांवर घर चाललं.

दुपारी ग्रेसलँडच्या फाटकापर्यंत जाऊन यावं. १९६० मध्ये टेक्सासहून नॅशव्हिलला जाताना ऑर्बिसन पहाटे इथं थांबला होता. नवं ‘ओन्ली द लोन्ली’ एल्व्हिसला द्यायचं होतं. एल्व्हिस झोपलेला होता. पुढे एव्हर्ली बंधूंनीही नकार दिला, तेव्हा ते स्वतःच गायचं ठरलं. फाटकावरून निघून आय-४० महामार्ग धरावा. २१० मैल, सव्वातीन तास. शुक्रवारी संध्याकाळी नॅशव्हिलच्या तोंडाशी गर्दी होते, चारच्या आत पोचेल असं निघावं.

सातवा दिवस : स्टुडिओ बी

स्टुडिओच्या दारात जाऊन तिकीट मिळत नाही. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये संग्रहालय आणि स्टुडिओ बी असं एकत्र तिकीट काढावं लागतं आणि तिथूनच बस नेते. वेळा मर्यादित असतात, शनिवार-रविवारचं आधी आरक्षण हवं. संग्रहालय आधी बघितलं तर उत्तम. स्टुडिओतून परतल्यावर दुसरं काही बघायची इच्छा राहत नाही.

१९५७ मध्ये बांधलेली ही खोली सुमारे ४२ फूट लांब आणि २७ फूट रुंद, छत तेरा फुटांवर. सनच्या दुपटीहून मोठी. तंतुवाद्यांचा ताफा, कोरस, ताल आणि गायक सगळे एकाच वेळी मावतात. पण नुसत्या खोलीनं काम झालं असतं असं मुळीच नाही. १९५८-५९ मध्ये ऑर्बिसननं आरसीएसाठी गिटारवादक आणि निर्माता चेट अ‍ॅटकिन्सच्या हाताखाली इथंच गाणी केली होती आणि ती पडली. फरक पडला तो त्यानंतर.

ध्वनियंत्रक बिल पोर्टर १९५९ मध्ये इथं आला. खोलीत काही सूर फुगतात, काही गिळले जातात, हे त्यानं ओळखलं. फायबरग्लासचे तक्ते कापून, पिरॅमिडच्या आकारात जोडून त्यानं छताला टांगले. मग खोलीभर फिरून, घुमारा सर्वांत कमी असलेल्या जागा शोधल्या, जमिनीवर फुल्या मारल्या आणि माइक तिथंच ठेवायला सुरुवात केली. प्रतिध्वनीसाठी जर्मन ईएमटी प्लेट. लाकडी पेटीत टांगलेला, एक मीटर बाय दोन मीटरचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. तो कंपित करायचा आणि कंपनं उचलायची. पत्रा थंड खोलीत ठेवला की नाद अधिक लखलखीत येतो, म्हणून पोर्टरनं तशी व्यवस्था केली. मेम्फिसच्या टप्प्याऐवजी इथं लांब शेपूट मिळालं, आणि लांब स्वर गाणाऱ्या हळव्या गळ्याला नेमकं तेच हवं होतं.

मॉन्युमेंट या रेकॉर्ड कंपनीचा मालक फ्रेड फॉस्टर, सहलेखक जो मेल्सन, तंतुवाद्यांची मांडणी करणारी अनिता कर आणि पोर्टर असा चमू जमला. २५ मार्च १९६० ला ‘ओन्ली द लोन्ली’ झालं. तेव्हाची रीत ड्रम आणि बासपासून रचत वर जाण्याची. पोर्टरनं ती उलटी केली. कोरसला माइक अगदी जवळ लावून तो पुढे आणला, त्यावर ऑर्बिसन, आणि तालवाद्यं सगळ्यांत मागे, दबकी. बसमध्ये परतताना हेडफोन लावून हेच ऐकावं : ड्रम शोधावे लागतात, कोरस कानाशी आहे. गाणं अमेरिकेत दुसऱ्या आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. गायकाचा आवाज मुळात लहान, वाद्यांत बुडून जाणारा. म्हणून कोटांनी भरलेला रॅक आडोशाला लावल्याची आठवण फॉस्टरनं सांगितलेली आहे.

‘रनिंग स्केअर्ड’ हे या खोलीचं खरं शिखर. जेमतेम सव्वादोन मिनिटं, धृपद नाही, बोलेरो या स्पॅनिश नाचाच्या ठेक्यावर पायरी पायरीनं चढत जातं आणि शेवटच्या स्वरावर संपतं. सुरुवातीला तो वरचा स्वर ऑर्बिसन पातळ, खोट्या आवाजात लावत होता आणि वाद्यमेळ तो गिळून टाकत होता. पूर्ण छातीच्या आवाजात घे, असं सांगितल्यावर त्यानं तो थेट लावला. आपण जे ऐकतो ते हेच. १९६१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. दोन वर्षांनी आलेल्या ‘इन ड्रीम्स’मध्ये सात भाग आहेत आणि एकही परत येत नाही. रेडिओच्या तीन मिनिटांत अशी रचना त्या काळात दुसरं कुणी टिकवून दाखवलेली नाही, असं आमचं ठाम मत आहे.

आठवा दिवस : हेंडरसनव्हिल

नॅशव्हिलच्या ईशान्येला वीसेक मैलांवर, ओल्ड हिकरी सरोवराच्या काठी. इथल्या घरात ऑर्बिसन आणि सहलेखक बिल डीस लिहायला बसले असताना क्लॉडेट बाजारात जायला निघाली आणि त्या बोलण्यातून ‘ओह, प्रिटी वूमन’ जन्मलं. १ ऑगस्ट १९६४ ला रेकॉर्डिंग, या वेळी मॉन्युमेंटच्या स्वतःच्या स्टुडिओत. सप्टेंबरअखेर ते अमेरिकेत पहिलं होतं आणि ब्रिटननंही तेच स्थान दिलं. त्या वर्षी बीटल्सनी तिथल्या याद्या व्यापलेल्या होत्या. ऑर्बिसननं त्यांच्यासोबत मे १९६३ मध्ये ब्रिटनचा दौराही केला होता.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, ऑर्बिसन मोठ्या रकमेवर एमजीएम या कंपनीकडे गेला आणि फॉस्टरचा चमू सुटला. नव्या करारात गाण्यांची संख्या ठरलेली होती, घडवायला सवड नव्हती. गळा तसाच होता. तरी १९६५ पासून १९८८ पर्यंत अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या विसात तो एकदाही आला नाही. ६ जून १९६६ ला जवळच्या गॅलॅटिनमध्ये मोटरसायकल अपघातात क्लॉडेट गेली. सप्टेंबर १९६८ मध्ये तो इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना घराला आग लागली, त्यात थोरली दोन मुलं गेली. शेजारी जॉनी कॅशनं ती जागा विकत घेतली, तिथं पुन्हा घर न बांधण्याचं वचन दिलं आणि फळबाग लावली. कॅशचं घरही २००७ मध्ये जळालं.

कॉडिल ड्राइव्हवर गाडी हळू नेऊन रस्त्यावरूनच बघावं. सगळ्या जागा खाजगी आहेत, लोक राहतात. थांबून कुंपणाशी घोटाळू नये. जॉनी आणि जून कॅश यांची समाधी गावातल्या स्मशानभूमीत आहे, ती खुलेपणानं बघता येते. ऑर्बिसन ६ डिसेंबर १९८८ ला याच गावात आईच्या घरी हृदयविकारानं गेला, वय ५२. त्याच्या ट्रॅव्हलिंग विल्बरीज या बँडची रेकॉर्ड नुकतीच गाजत होती आणि ‘यू गॉट इट’ बाजारात यायचं होतं. ते १९८९ मध्ये पहिल्या दहांत पोचलं.

विमानतळ इथून पाऊण तासावर आहे, संध्याकाळी तास धरावा. मेम्फिसला घेतलेली गाडी नॅशव्हिल विमानतळावर सोडताना पेट्रोल भरल्याची पावती जवळ ठेवावी.